अवमान, क्षमायाचना आणि दुसरे न्यायासन

न्यायालयाचा अवमान हा अपराध इतर सर्व अपराधांहून एका बाबतीत निराळा आहे. चोरीच्या खटल्यात ज्याचे धन गेले तो न्यायासनावर बसत नाही, आणि मारहाणीच्या खटल्यात ज्याला मार बसला तो शिक्षा ठरवीत नाही. अवमानाच्या प्रकरणात मात्र ज्याचा अवमान झाला असे म्हटले जाते, तेच न्यायालय आरोप ठेवते, तेच त्याचा विचार करते आणि तेच शिक्षा सुनावते. एवढ्यावरच हे थांबत नाही. आरोपीने क्षमा मागितली, तर ती अंतःकरणापासूनची आहे की केवळ तुरुंग चुकविण्यासाठी आहे, हेही तेच ठरविते. या अधिकाराची आवश्यकता कोणी सहसा नाकारीत नाही. आज्ञा मोडणाऱ्यास शासन करण्याचे सामर्थ्य नसेल, तर न्यायालयाचा निकाल हा केवळ सदुपदेश ठरेल. तथापि दुखावलेल्या न्यायासनाने एखाद्यास अन्यायाने बंदिवासात पाठविले, तर न दुखावलेले दुसरे न्यायासन त्याला उपलब्ध आहे काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. भारतात या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास जवळजवळ नव्वद वर्षे लागली, आणि ते उत्तर अद्यापही पुरते झालेले नाही.

हा इतिहास कलकत्ता, मुंबई, नागपूर आणि दिल्ली येथील निकालपत्रांत विखुरलेला आहे. त्याचे काही धागे मात्र रायपूरशी येऊन मिळतात. त्या शहराच्या जुन्या भागातील तात्यापारा ही वस्ती आपल्या नावातच दोन भाषा बाळगून आहे. ‘पारा’ हा छत्तीसगढीतील वस्तीवाचक शब्द, तर ‘तात्या’ हे मराठी घरातील आदराचे संबोधन. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनानी भास्करपंत या मुलखात उतरला आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपूरला राहून तेथील कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी छत्तीसगढातील मराठी वस्ती टिकून राहिली. या वस्तीचे वरिष्ठ न्यायासन मात्र वारंवार बदलत गेले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाल्यावर ते नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरकडे होते. १९३६ मध्ये नागपूरला उच्च न्यायालय स्थापन झाले. १९५६ मध्ये ते न्यायासन जबलपूरला गेले, आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाल्यापासून ते बिलासपूरला आहे. या चार न्यायासनांच्या कालखंडात अवमानाच्या कायद्याचे स्वरूप कसे पालटले, हे पाहण्याजोगे आहे.

आरंभी दुसरे न्यायासन जवळजवळ नव्हतेच. १८८३ मध्ये ‘बेंगाली’ पत्राचे संपादक सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी न्यायमूर्ती नॉरिस यांच्यावर कठोर टीका केली. शाळिग्रामाची मूर्ती न्यायालयात आणविण्याचा प्रसंग त्या टीकेच्या मुळाशी होता. सुरेंद्रनाथांनी खेद प्रकट केला, तरी कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांचा कारावास दिला. पाच न्यायमूर्तींपैकी रमेशचंद्र मित्र या एकट्यांनीच कारावासाला विरोध दर्शवून दंड पुरेसा आहे असे मत दिले. प्रिव्ही कौन्सिलने अपिलाची अनुज्ञा नाकारली. क्षमायाचना पुरेशी होती की नव्हती, शिक्षा प्रमाणबद्ध होती की नव्हती, या प्रश्नांचा पुनर्विचार कोणीही केला नाही. ज्यांचा सहकारी दुखावला गेला, त्यांचाच शब्द अखेरचा ठरला.

पंचवीस वर्षांनी हाच प्रसंग मराठी साहित्याच्या दारी आला. २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांनी लोकमान्य टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. हेच दावर १८९७ च्या खटल्यात बॅरिस्टर या नात्याने टिळकांच्या बाजूने उभे राहिले होते. टिळकांच्या खटल्यासंबंधी ‘मराठा’ पत्रात आलेल्या टीकेबद्दल त्याचे संपादक नरसिंह चिंतामण केळकर यांना अवमानाच्या आरोपावरून चौदा दिवसांची साधी कैद आणि एक हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. केळकर स्वतः वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झालेले, साताऱ्यास वकिली केलेले गृहस्थ होते. कायद्याच्या मर्यादा त्यांना अपरिचित नव्हत्या. त्याच वर्षी त्यांचा ‘सुभाषित आणि विनोद’ हा समीक्षाग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे १९२१ मध्ये बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून सविकल्प समाधीची उपपत्ती मांडणारा मराठीचा हा मान्यवर टीकाकार दुसऱ्या एका प्रकारच्या टीकेसाठी बंदिवासात गेलेला होता, ही गोष्ट मराठी समीक्षेच्या इतिहासात क्वचितच लक्षात घेतली जाते.

चौदा दिवसांची कैद ही टिळकांच्या सहा वर्षांपुढे अल्प वाटते, आणि त्यामुळेच तिचा विचार मागे पडला असावा. परंतु कायद्याच्या दृष्टीने केळकरांची स्थिती एका अर्थी टिळकांहूनही असहाय होती. टिळकांवर ज्युरी होती, दंडसंहितेतील निश्चित कलमे होती, शिक्षेला कायद्याने घातलेली मर्यादा होती. केळकरांच्या वेळी अवमानाला लिखित कायद्यातील व्याख्या नव्हती, शिक्षेला वरची सीमा नव्हती, ज्युरी नव्हती, आणि अपिलाचा हक्कही नव्हता. चौदा दिवसांच्या जागी चौदा महिने झाले असते, तरी त्यांनी दाद कोठे मागावी याचे उत्तर कायद्याने दिले नसते.

त्याच वर्षी नागपुरात घडलेली एक घटना क्षमायाचनेच्या प्रश्नावर वेगळा प्रकाश टाकते. माधवराव सप्रे यांनी वामनराव लाखे यांच्या साहाय्याने १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले होते, आणि १९०७ पासून नागपुरात ‘हिंद केसरी’ चालविला होता. ऑगस्ट १९०८ मध्ये त्यांना अटक झाली. हा आरोप राजद्रोहाचा होता, अवमानाचा नव्हे. हा भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. परंतु तुरुंगाचे दार उघडण्याचा मार्ग येथेही क्षमापत्राचाच होता. घरच्यांच्या दडपणाखाली सप्रे यांनी क्षमापत्र दिले आणि त्यांची सुटका झाली. त्यानंतर त्यांनी जे जीवन पत्करले ते प्रायश्चित्ताचेच होते. भिक्षावृत्ती, रामदासी मठातील वास, ‘दासबोधा’चे परिशीलन आणि त्याचा हिंदी अनुवाद, त्यापाठोपाठ ‘गीतारहस्या’चा अनुवाद, अशा कामांत त्यांनी आपले आयुष्य ओतले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच त्यांचे निधन झाले. बंदिवासाच्या भीतीने घेतलेली क्षमायाचना सत्तेला काहीच सिद्ध करून देत नाही, मात्र ती देणाऱ्याच्या अंतःकरणात आयुष्यभर सलत राहू शकते, हे रायपूरने सप्रे यांच्या रूपाने जवळून पाहिले.

अवमानाच्या कायद्यात क्षमायाचनेचे स्थान याहूनही मध्यवर्ती आहे. राजद्रोहाच्या खटल्यात क्षमा ही शासनाची कृपा असते. अवमानाच्या प्रकरणात ती निकालाचाच एक घटक असते. १९२० मध्ये हा प्रश्न मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे अत्यंत शुद्ध स्वरूपात आला. अहमदाबादचे जिल्हा न्यायाधीश केनेडी यांनी सत्याग्रही वकिलांसंबंधी लिहिलेले पत्र गांधीजींनी ऑगस्ट १९१९ मध्ये ‘यंग इंडिया’त छापले होते. विशिष्ट शब्दांतील क्षमापत्र छापावे, अशी त्यांना सूचना झाली. आपण चूक केली असे वाटत नसताना क्षमा मागणे हा असत्याचा अंगीकार होईल, अशी गांधीजींची भूमिका होती. न्यायालयाने त्यांना आणि महादेव देसाई यांना दोषी ठरविले, परंतु कडक समज देऊनच प्रकरण मिटविले. कारावास टळला, पण तो टळला न्यायाधीशांच्या विवेकाने, आरोपीच्या एखाद्या हक्काने नव्हे. तशाच आरोपावर सुरेंद्रनाथांना खेद प्रकट करूनही दोन महिने मिळाले आणि गांधीजींना क्षमा नाकारूनही केवळ समज मिळाली. जेथे दुसरे न्यायासन नसते, तेथे शिक्षेचे माप न्यायाधीशागणिक असे बदलते.

१९२६ च्या न्यायालय अवमान अधिनियमाने पहिली मर्यादा घातली. कारावास सहा महिन्यांहून अधिक नसावा, दंड दोन हजार रुपयांहून अधिक नसावा, आणि न्यायालयाचे समाधान होईल अशी क्षमा मागितल्यास आरोपीस सोडता यावे किंवा शिक्षा माफ करता यावी, असे त्यात ठरले. परंतु समाधान कोणाचे, तर त्याच न्यायालयाचे. याच सुमारास लंडनहून वारे बदलू लागले. १९३६ मध्ये त्रिनिदादमधील संपादक अँबार्ड यांना झालेला दंड प्रिव्ही कौन्सिलने रद्द केला, आणि न्यायदान हे सामान्य माणसांच्या आदरयुक्त पण स्पष्ट टीकेपासून दूर ठेवण्याची वस्तू नव्हे, असा लॉर्ड ॲट्किन यांचा अभिप्राय पुढे जगभर प्रमाण मानला गेला. १९४३ मध्ये अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने ‘हिंदुस्थान टाइम्स’शी संबंधित मंडळींना दिलेला दोषनिर्णयही प्रिव्ही कौन्सिलने उलटविला. मुख्य न्यायमूर्तींनी युद्धनिधीसाठी परिपत्रक काढल्याचे वृत्त त्या पत्राने दिले होते. ते वृत्त खोटे असले, तरी ती टीका त्यांच्या न्यायदानावर नव्हती, असा भेद तेथे केला गेला. अन्याय्य ठरलेल्या शिक्षेला वरून दुरुस्ती मिळू शकते, हे यातून दिसले. पण ती दुरुस्ती सहा हजार मैलांवर आणि मोठ्या खर्चाने मिळणारी होती.

स्वातंत्र्यानंतर ते अंतर कमी झाले, आणि ज्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात तात्यापारा येत होता, त्याच नागपूरच्या उच्च न्यायालयातील प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. खटला दुसऱ्या खंडपीठाकडे वर्ग करावा, या अर्जावर शरीफ आणि त्यांचे एक सहकारी अशा दोघा वकिलांनी स्वाक्षऱ्या केल्या होत्या, आणि त्या अर्जात न्यायमूर्तींच्या निःपक्षपातीपणावर आक्षेप होता. उच्च न्यायालयाने दोघांनाही अवमानाबद्दल दंड केला. ही शिक्षा कारावासाची नसली, तरी १९५५ च्या निकालसंग्रहांत प्रसिद्ध झालेला तिच्यावरील निर्णय कारावासाच्या प्रत्येक प्रकरणाला लागू पडणारा आहे. क्षमा आणि समर्थन या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. क्षमा ही शिक्षा चुकविण्याची ढाल नसून पश्चात्तापाचा पुरावा असली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने बजावून सांगितले. परंतु एवढे सांगून त्याने ती क्षमा स्वीकारली आणि दंड रद्द केला. तीच माणसे, तीच कृती आणि तोच खेद. दुखावलेल्या न्यायासनाला जे अपुरे वाटले, ते न दुखावलेल्या न्यायासनाला पुरेसे वाटले. दुसऱ्या न्यायासनाची आवश्यकता कोणत्याही युक्तिवादापेक्षा या एका प्रकरणाने अधिक स्पष्ट केली.

तथापि हा मार्ग अजून विशेष अनुज्ञेचा होता, हक्काचा नव्हता. या उणिवेचे स्वरूप साठच्या दशकात दोन प्रसंगांनी उघड झाले, आणि दोन्ही प्रसंगी सरन्यायाधीशपदी साताऱ्यास जन्मलेले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर होते. १९६४ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेने केशवसिंग नावाच्या गृहस्थास सभागृहाच्या अवमानाबद्दल सात दिवसांच्या कैदेत पाठविले. लखनौ खंडपीठाच्या दोघा न्यायमूर्तींनी त्याला जामीन दिला, तेव्हा सभागृहाने त्या न्यायमूर्तींनाच पकडून आणण्याचा ठराव केला. राष्ट्रपतींनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे विचारार्थ सोपविला. ३० सप्टेंबर १९६४ रोजी गजेंद्रगडकरांनी बहुमताचा अभिप्राय दिला, की नागरिकाच्या बंदिवासाची वैधता तपासण्याचा न्यायालयाचा अधिकार सभागृहाच्या विशेषाधिकाराने नाहीसा होत नाही. त्याच अभिप्रायाच्या अखेरीस त्यांनी न्यायाधीशांनाही सावध केले: अवमानाचा अधिकार क्षोभाच्या भरात वारंवार वापरल्याने न्यायालयाची प्रतिष्ठा वाढत नाही, ती निर्णयांच्या गुणवत्तेने टिकते.

दीड वर्षाने प्रश्न उलट बाजूने आला. मुंबईतील एका अब्रुनुकसानीच्या दाव्यात एका साक्षीदाराची साक्ष वृत्तपत्रांनी छापू नये, असा तोंडी आदेश न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी दिला होता. तो मोडणारा वार्ताहर अवमानाच्या शिक्षेस पात्र ठरला असता. नरेश श्रीधर मिरजकर आणि अन्य पत्रकारांनी मूलभूत हक्कांच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. ३ मार्च १९६६ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ती याचिका फेटाळली. उच्च न्यायालयाच्या न्यायिक आदेशाने मूलभूत हक्काचा भंग होतो असे म्हणता येत नाही, आणि तो आदेश चुकीचा असेल तर दाद अपिलानेच मागावी, असा बहुमताचा आशय होता. विधिमंडळाने दिलेल्या कैदेची तपासणी न्यायालय करू शकते, पण न्यायालयाच्या आदेशाला मूलभूत हक्कांच्या याचिकेने आव्हान देता येत नाही, अशी विषम स्थिती या दोन निर्णयांनी मिळून निर्माण झाली. दोन्ही निर्णयांना स्वतंत्र तर्क होता, हे खरे. पण सामान्य नागरिकाला ही विषमता बोचल्याखेरीज राहत नाही.

त्या नऊ जणांत एकच न्यायमूर्ती पूर्णपणे विरोधात उभे राहिले. ते मोहम्मद हिदायतुल्ला होते. त्यांचे शालेय शिक्षण रायपूरच्या शासकीय हायस्कुलात झाले होते. तेथून १९२२ मध्ये उत्तीर्ण होऊन ते नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात गेले, आणि पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. न्यायाधीश हाही घटनेच्या अधीन असलेला अधिकारी आहे, आणि त्याचा आदेश मूलभूत हक्कांच्या कसोटीपलीकडचा मानता येत नाही, ही त्यांच्या भिन्नमताची दिशा होती. १८८३ च्या रमेशचंद्र मित्रांप्रमाणे येथेही अल्पमत एकट्याचेच होते. रायपूरने पुढे २००३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाला त्यांचे नाव दिले.

हेच हिदायतुल्ला सरन्यायाधीश असताना १९७० मध्ये केरळचे माजी मुख्यमंत्री नंबूद्रिपाद यांचे अपील आले. न्यायसंस्था वर्गीय पक्षपाताने ग्रस्त आहे, असे विधान त्यांनी मुख्यमंत्रिपदी असताना वार्ताहरांपुढे केले होते. केरळच्या उच्च न्यायालयाने त्यांना एक हजार रुपये दंड, आणि तो न भरल्यास एक महिन्याची कैद, अशी शिक्षा दिली होती. हिदायतुल्लांनी दोषनिर्णय कायम ठेवला. दंड मात्र पन्नास रुपयांवर आणला आणि पर्यायी कैद एक आठवड्याची केली. भाषणस्वातंत्र्याच्या समर्थकांना दोषनिर्णय खटकणे स्वाभाविक होते. पण शिक्षेचे माप दुसऱ्या न्यायासनाकडून तपासले गेल्याने काय घडते, याचा हा नमुना होता.

विशेष अनुज्ञेचे रूपांतर हक्कात झाले ते १९७१ च्या अधिनियमाने. सन्याल समितीने १९६३ मध्ये सादर केलेल्या अहवालातून त्याची पूर्वतयारी झाली होती. या अधिनियमाच्या एकोणिसाव्या कलमाने एका न्यायमूर्तीने शिक्षा दिल्यास त्याच न्यायालयाच्या किमान दोघांच्या पीठाकडे, आणि पीठाने शिक्षा दिल्यास सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाचा हक्क दिला. न्यायालयासमक्ष झालेल्या अवमानाचा विचार दुसऱ्या न्यायाधीशाने करावा, अशी विनंती आरोपीस करता येते, असे चौदाव्या कलमात आले. अंतिम निकाल झालेल्या खटल्याच्या गुणावगुणांवरील न्याय्य टीका हा अवमान नव्हे, हे पाचव्या कलमाने सांगितले. क्षमायाचना केवळ सशर्त आहे एवढ्याच कारणाने ती फेटाळू नये, जर ती प्रामाणिक असेल, असे बाराव्या कलमाच्या स्पष्टीकरणात नमूद झाले. २००६ च्या दुरुस्तीने आणखी एक दार उघडले: लोकहितासाठी आणि सद्भावनेने केलेल्या विधानाची सत्यता हा बचाव म्हणून मान्य करण्याची मुभा न्यायालयास मिळाली. १९०८ मध्ये केळकरांना यांपैकी एकही गोष्ट उपलब्ध नव्हती.

परंतु ही इमारत एका मजल्यावर अपुरी राहिली. शिक्षा देणारे न्यायासन सर्वोच्च असेल, तेव्हा दुसरे न्यायासन उरत नाही. २००२ मध्ये लेखिका अरुंधती रॉय यांना सर्वोच्च न्यायालयाने एक दिवसाची साधी कैद आणि दोन हजार रुपये दंड दिला. २०२० मध्ये वकील प्रशांत भूषण यांना क्षमा मागण्यासाठी अवधी देण्यात आला. त्यांनी ती नाकारली, तेव्हा एक रुपया दंड आणि तो न भरल्यास तीन महिने कैद व तीन वर्षे वकिलीस मनाई अशी शिक्षा सुनावली गेली. अशा प्रकरणांत पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो, पण तो सामान्यतः त्याच न्यायमूर्तींपुढे जातो. या अवस्थेतही दुसऱ्या विचाराचा उपयोग होतो, हे १९९८ मध्ये दिसून आले. १९९५ मध्ये अवमानाबद्दल एका ज्येष्ठ वकिलाची सनद सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केली होती. तशी शिक्षा देण्याचा अधिकार त्या न्यायालयाला नाही, असे घटनापीठानेच नंतर ठरविले. चूक वरच्या न्यायासनाकडूनही होऊ शकते, आणि ती मोठ्या पीठाने दुरुस्त केल्यास न्यायालयाची प्रतिष्ठा उणावत नाही, याचा हा पुरावा आहे.

साहित्यसमीक्षेशी या इतिहासाचा संबंध वरवरचा नाही. समीक्षकाचा निर्णयही चुकू शकतो, आणि म्हणूनच कोणत्याही ग्रंथाबद्दल एकाच समीक्षकाचा शब्द अखेरचा मानला जात नाही. ग्रंथकार स्वतःच आपल्या ग्रंथाचा समीक्षक झाला, तर त्या समीक्षेवर कोणी विश्वास ठेवीत नाही. तो अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे, तर त्याला आपल्यापासून दूर उभे राहता येत नाही म्हणून. अवमानाच्या प्रकरणात न्यायाधीशाची अडचण नेमकी हीच आहे. सुरेंद्रनाथांपासून आजवर ज्यांनी ही शिक्षा दिली, त्यांतील बहुतेक न्यायाधीश विद्वान आणि सचोटीचे होते. त्यांच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अंतर देण्याचे काम सचोटी करू शकत नाही, ते दुसऱ्या न्यायासनालाच करावे लागते. उच्च न्यायालयांच्या बाबतीत ते अंतर १९७१ मध्ये कायद्याने निर्माण केले. सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या कैदेचा विचार मोठ्या आणि निराळ्या पीठाने करावा अशी हक्काची तरतूद जोवर होत नाही, तोवर त्या एका मजल्यावर केळकरांची १९०८ मधील स्थिती कायम राहील.